तउवूने नेलेलं कार्ड

सुवा शहरातल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पोरांचे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडून द्यायचं काम सेतोकीकडे होतं. माणूस पन्नाशीचा, अंगाने दांडगा, लुंगीसारखा सुलू नेसून टेबलाखाली शिरला की फक्त पोटऱ्या बाहेर दिसायच्या. जोडणी करायला अर्धा तास पुरे. सेतोकीला अख्खी दुपार लागायची, कारण पहिली ईमेल घरी गेल्याशिवाय तो खोलीतून हलत नसे. बेटावरून आलेलं पोर पहिली ईमेल लिहिताना हमखास रडतं. मग हा त्याच्या बिस्किटांतली दोन खायचा आणि म्हणायचा, "रड, रड. मी कुठे बघतोय?" या कामावर त्याचा जीव होता. घरी बायकोसमोर तो तसं कबूल करत नसे, पण होता.

जोडणी झाली की त्याचं एक भाषण ठरलेलं. "कॉम्प्युटरच्या पोटात हे कार्ड आहे ना, त्याला नंबर आहे. नेटवर्क तुला ओळखत नाही, तुझ्या आईला ओळखत नाही, फक्त या नंबराला ओळखतं. हा नंबर जे करेल, ते तू केलं. तेव्हा कार्ड म्हणजे तुझा दात समज. दात कोणी उसना देतं का?" पोरं हसायची. भाषण चांगलंच होतं. ते देणाऱ्याने स्वतः ऐकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

फेब्रुवारीत तोकासा आली. शिष्यवृत्तीवर आलेली, गावातली पहिलीच. सेतोकीने टेबलाखालूनच गाव विचारलं. ती म्हणाली, "नाकोरोसिगा."

सेतोकी डोकं आपटत बाहेर आला. "नाकोरोसिगा? मग हा कॉम्प्युटर चोरीचा असणार!"

"तू कुठला रे?"

"वाइनिसेवा."

"अगं बाई! तरीच खोलीत वास सुटलाय. तुमच्या गावात वादळ आलं की पुरुष आधी भांडी घेऊन पळतात आणि मग बायकोला हाक मारतात, हे खरं का?"

दोघं पोट धरून हसले. ही दोन गावं एकमेकांची तउवू. मूळपुरुष एकच, म्हणून जन्मापासूनच थट्टेचा परवाना. तउवूला तोंडावर काहीही बोलावं, त्याच्या ताटातलं उचलावं, दोरीवर वाळणारा सदरा घालून निघून जावं. त्याने हसायचं. रागावला तर लाज त्याच्या गावाची. आणि तउवूची तक्रार बाहेरच्याकडे केली, तर गावातल्या मोठ्यांना देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला जावं लागतं. अशी तक्रार केल्याचं नाकोरोसिगात कोणाला आठवत नव्हतं.

महिनाभराने सेतोकीचा पुतण्या पेनाइया वसतिगृहात आला. कॉम्प्युटर होता, कार्ड नव्हतं. कोठारातली कार्डं संपलेली, नवी जहाजाने येणार. सेतोकी सरळ तोकासाच्या खोलीत गेला, मशीनचा पत्रा काढला आणि कार्ड खिशात टाकलं.

"नेतोय," तो म्हणाला. "काय करशील?"

"ने की. तुझं मुंडकंही घेऊन जा, खोलीत जागा होईल."

तोकासा तोवर ग्रंथालयात बसून भागवणार होती. दोघांनाही यात गैर काही वाटलं नाही. तुमच्याआमच्या लक्षात आलंच असेल, पण ते दोघं वाइनिसेवा आणि नाकोरोसिगाचे होते.

पेनाइया हे रग्बीचं वेड लागलेलं पोर. त्याने नेटवरून सामने उतरवून घ्यायला सुरुवात केली. जुने, नवे, पुरुषांचे, शाळांचे. त्यात कुठूनतरी व्हायरस शिरला आणि अख्ख्या वसतिगृहाचं नेटवर्क रांगायला लागलं. ऐन परीक्षांच्या तोंडावर. नेटवर्क बघणाऱ्या नायडूबाईंनी शोध घेतला. सगळा उच्छाद एकाच कार्डाचा होता, आणि ते कार्ड होतं तोकासाच्या नावावर.

तोकासाचं खातं बंद झालं. ग्रंथालयातलंसुद्धा. गृहपाठ द्यायची वाट बंद झाली, आणि प्रकरण शिष्यवृत्तीच्या समितीकडे जाणार असं ठरलं. समितीकडे गेलेलं पोर पुढच्या बोटीने घरी जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नायडूबाईंनी तिला बोलावलं. सेतोकीलाही बोलावलं, जाणकार म्हणून. तो हत्यारांची पेटी घेऊन दाराशी उभा राहिला.

"कार्ड तुझ्या मशीनमध्ये नाही," नायडूबाई म्हणाल्या. "कोणी नेलं?"

"कोणी नाही नेलं."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"हो, बाई."

"हे बघ पोरी, मला तुला घरी पाठवायची हौस नाही. एक नाव सांग आणि मोकळी हो."

तोकासा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. बाहेर पाऊस लागला होता. सेतोकीचा जीव टांगणीला लागला. हिने बोलू नये असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची त्याला शरम वाटत होती. एकवीस वर्षांची नोकरी, आणि तीही आवडती. पण पोरगी बोलणार नव्हती. मरेपर्यंत बोलली नसती. ते त्याच्याइतकं त्या खोलीत कोणालाच कळत नव्हतं.

"मी नेलं," तो म्हणाला.

तोकासा गर्रकन वळली. "तुला विचारलं का कोणी? गप्प बस ना, म्हाताऱ्या!"

"ही माझी तउवू आहे, बाई. मी नेलं, पुतण्याला दिलं, आणि नाव बदलायचं विसरलो."

नायडूबाईंचा जन्मही सुव्यातलाच, तउवू काय ते त्यांना कोणी सांगायला नको होतं. "सेतोकी," त्या म्हणाल्या, "दाताचं ते भाषण तुम्हीच देता ना पोरांना?"

"हो, बाई."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

सेतोकीने पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तो निघाला.

तोकासाचं खातं त्याच दुपारी उघडलं. पेनाइयाचा कॉम्प्युटर वर्षभरासाठी काढून घेतला. सेतोकीला बागेच्या खात्यात पाठवलं, गवत कापायला. तो कापायचा. सुव्यात गवताला तोटा नाही.

पुढच्या सत्रात एका शनिवारी तो घराच्या दाराशी दालोचे कंद सोलत बसला होता, तेवढ्यात तोकासा आली. दुरूनच ओरडली, "ए वाइनिसेवा! तुझं काहीतरी उचललंय मी!"

"काय गं चोरटे?"

"तुझी नोकरी." तिने पाठीमागे धरलेली हत्यारांची पेटी पुढे केली. "जोडणीचं काम आता विद्यार्थ्यांना द्यायचं ठरलंय. नायडूबाईंनी मला घेतलं. काय करशील?"

सेतोकीला लागलं. चांगलंच लागलं. पण तउवूने नेलं की हसायचं असतं, म्हणून तो हसला. इतका मोठ्याने, की शेजारच्या बायका दारात आल्या. मांड्यांवर थापा मारत हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग सुलूच्या टोकाने डोळे पुसले. पुसायला जरा वेळ लागला. तोकासाने तेवढा वेळ तिकडे बघितलं नाही.

"ने," तो म्हणाला. "पण आधी तिसऱ्या मजल्यावर जा. किरिबास बेटांवरची दोन पोरं आलीत तिथे. पोरं पोचली हेही त्यांच्या घरी अजून कळलं नसेल."