दाखला

मतदार यादीच्या कामासाठी मी मांजरसुंब्याजवळच्या पारधी वस्तीत गेलो. तिथं पंचविशीतली एक बाई पोरीबायांना वाकळ शिवता शिवता लिहायला शिकवत होती. खडूनं अक्षर काढायचं, मग त्यावरून टाके घालायचे. कुणाचं चुकलं की ती रागवायची नाही; दोरा उसवून सुई पुन्हा तिच्याच हातात द्यायची.

मला पाहून म्हणाली, “या गुरुजी. आज कंचा दाखला मागायला आलाव?”

वीस वर्षांपूर्वी जन्माचा दाखला नाही म्हणून मी तिला शाळेच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. खरं तर दाखल्याशिवायही नाव घालता आलं असतं. पारध्याची पोर मला वर्गात नको होती. आज पहिल्यांदाच हे बोललो, तिच्यासमोर.

तिची सुई थांबली नाही. “ठावं हाय. तवाच कळलंतं मला.”

मग पोरींना म्हणाली, “सरका गं, गुरुजींना बसू द्या.”