ही छाया कोण?

मंडळी, सकाळपासून हसतेय आणि डोळेही पुसतेय. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं.

माझी वैदेही सॉफ्टवेअरच्या नोकरीतून सुट्ट्या काढून पॅराशूट बांधून विमानातून उड्या मारते, आणि हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने बरोबरच्यांचे हवेतच फोटो काढते. इंग्रजी पेपरांनी ते कितीदा परत केले. शेवटी पुण्याच्या एका रविवार पुरवणीने एक घेतला.

तो अंक आज कोठी बाजारातल्या पेपरवाल्याकडे मिळाला. घरी आणून तिच्यापुढे ठेवला. पोरगी हैदराबादेत वाढलेली, मराठी अडखळत वाचते. फोटोखालच्या पहिल्याच शब्दावर तिचा चेहरा उतरला.

"आई, ये छाया कौन है? फोटो माझा आणि नाव तिचं?"

"अगं, फोटो कुणी काढला ते सांगताना आधी 'छाया' लिहितात. पुढे वाच."

तिने बोट ठेवलं. "वै... दे... ही." विमानातून बेधडक उडी मारणारी पोरगी एकेक अक्षर चाचपत होती.

मी फोटोत तिला शोधत होते. ढगांच्या वर दोघंजण, हातात हात, तोंडभर हसणारे. "यात तू कुठे आहेस गं?"

"मी कशी दिसेन? ते हसतायत ना, ते माझ्याकडे बघून."

तिच्या उडीचं नाव काढलं तरी मी डोळे मिटायचे. आज तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले.

संध्याकाळी फ्रेमवाला म्हणाला, खालची अक्षरं कापली की नीट बसेल.

मी म्हटलं, "नक्को भई. फ्रेम बड़ी करो."