वन्संना न पाठवलेलं पत्र

मनःशांतीसाठी आमच्या घरात तीन आठवडे जे काही चाललं होतं, त्यात बळी गेला तो मनःशांतीचाच.

सुरुवात माझ्या पित्तापासून झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळ्या उत्तम आल्या! (मला जरा वाईटच वाटलं.) मग त्यांनी विचारलं, "घरात काही टेन्शन?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "छे! आमच्याकडे कसलं आलंय टेन्शन!" डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॉलेज रोडवरच्या एका शिबिराचा पत्ता मला लिहून दिला.

शिबिरातल्या मॅडमचं म्हणणं होतं की नुसतं मन सुधारून भागत नाही, नुसता देव देव करूनही भागत नाही, आणि नुसतं सकाळी चालून तर अजिबातच भागत नाही. तिन्ही एकदम केलं पाहिजे. मनासाठी त्यांनी एक पत्र लिहायला सांगितलं. ज्या माणसाचा राग पोटात साठलाय, त्याला उद्देशून सगळं लिहायचं, पण पाठवायचं नाही. वर नाव घालायचं नाही, नातं लिहायचं नाही, खाली सही करायची नाही. मग ते पत्र अकरा दिवस देवापाशी ठेवायचं, रोज समोर बसून "मी क्षमा करते" म्हणायचं आणि बाराव्या दिवशी बारीक तुकडे करून कुंडीतल्या मातीत मिसळायचं. शिवाय सवयी म्हणून रोज घरातला एक कप्पा आवरायचा आणि रविवारी दुपारी बारापर्यंत मोबाइलचा उपास.

मी कुणाला लिहिलं असेल? वन्संना! यांची मोठी बहीण. राहतात ओझरला, पण लक्ष सगळं आमच्या इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात. बाई मनानं वाईट नाहीत हो. पण माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत त्यांनी माझी आमटी कधी पहिल्या घासाला गिळलेली नाही. आधी जिभेवर घोळवतात, मग छताकडे बघतात, मग म्हणतात, "हं." बस्, एवढंच! त्या "हं"वर माझं निम्मं पित्त पोसलेलं आहे.

पत्र चार पानी झालं. लिहून झाल्यावर मला अशी कडकडून भूक लागली की मी उभ्या उभ्या तीन पोळ्या खाल्ल्या.

आता ठेवायचं कुठे? देवघरात रोज पूजा हे करतात. त्यांच्या हाती पडलं असतं तर संपलंच! यांना एकच बहीण. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे आमचं घर. ते पत्र तिच्यापर्यंत गेलं असतं तर ती पुन्हा उंबरा चढली नसती आणि यांनी मला जन्मात माफ केलं नसतं. म्हणून मी ते देवघराच्या खालच्या खणात दडवलं. त्या खणात ओटीचे ब्लाउजपीस असतात. (असले पीस कुणी शिवत नाही, फक्त पुढे पाठवतं. त्यातला एक पीस आमच्याकडे दोनदा येऊन गेलाय, मी त्याला डागावरून ओळखते.) हिरव्या पिसांची चळत होती, तिच्यातल्या अगदी तळच्या पिसाच्या घडीत पत्र सारलं. देवाच्या पायाशीही झालं आणि कुणाच्या नजरेसही पडायचं नाही. मी स्वतःवर भलतीच खूश झाले!

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी क्षमा करायला बसले. म्हटलं, पत्र एकदा डोळ्यांखालून घालावं. (क्षमा नेमकी कशाकशाची करायची ते आठवायला नको?) खण उघडला. तळचा पीस काढला. पत्र नाही. त्याच्या वरचा काढला, त्यातही नाही. सगळे झटकले! तेव्हा आठवलं की गुरुवारी मी हाच कप्पा आवरला होता आणि चळत उलटी करून परत ठेवली होती. तळचा पीस सगळ्यांत वर आला होता.

आणि सगळ्यांत वरचा पीस मी आदल्या दिवशी अश्विनीच्या ओटीत घातला होता.

अश्विनी म्हणजे वन्संची सून! लग्नाला जेमतेम आठ महिने झालेली, गुणी पोर. मामेसासूकडे पहिल्यांदा एकटी आली म्हणून मी कौतुकानं नारळ, तांदूळ आणि पीस देऊन तिची ओटी भरली होती. माझ्या हातांनी! वर कुंकू लावून!

आधी फोन करायला हवा होता. पण फोन यांच्या ताब्यात. शिबिराला मी गेले होते, पण उपास अंगात भिनला होता तो यांच्या. दर रविवारी दोन्ही मोबाइल कपाटात कुलूपबंद करून किल्ली खिशात घालून हे हॉलमध्ये शवासनात पडायचे.

"अहो, किल्ली द्या जरा."

"बारा वाजता."

"अहो, अर्जंट आहे!"

"हेच, हेच ते!" हे डोळे न उघडता म्हणाले. "मन असंच फसवतं. श्वासाकडे लक्ष दे."

माझा श्वासच थाऱ्यावर नव्हता, त्याच्याकडे काय लक्ष देणार! दहा मिनिटांनी शवासनाचं घोरण्यात रूपांतर झालं, तेव्हा मी गुडघ्यांवर बसून नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली. किल्ली निघाली. कपाट उघडलं, फोन सुरू केला.

वन्संचे सात मिस्ड कॉल.

फोन लावला. मी "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, "रिक्षात आहे मी. द्वारका चौकापाशी आलेय. मला तुझ्याशी बोलायचंय. एकटीशी." फोन बंद!

द्वारका ते आमचं घर, रविवारची सकाळ, रहदारी नाही. जास्तीत जास्त दहा मिनिटं! मी देवाला म्हटलं, बाबा रे, क्षमा वगैरे मी मागे घेते, आधी मला वाचव. एवढ्यात हे जागे झाले. "कोण, ताई येतेय? अरे वा! मग वडे कर की!"

बेल वाजली. वन्संचे डोळे लाल होते. भावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि पर्समधून माझी चार पानं काढून ओट्यावर आपटली.

"वाच!"

"वन्सं, मी... म्हणजे ते..."

"अश्विनीनं लिहिलंय!"

मी पानं उलटून पाहिली. वर नाव नाही, खाली सही नाही.

"शेजारच्या सुनेची ओटी भरायची होती म्हणून हिच्या कपाटातून पीस काढला, तर घडीतून हे पडलं. माझ्याविषयी लिहून लपवून ठेवलंय बयेनं! आठ महिन्यांत एवढं विष?"

खरं सांगते, पहिलं अर्धं मिनिट मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्यासाठी चहा टाकला. हल्ली कोण कुणाचं अक्षर ओळखतं! सगळे बोटांनी मोबाइलवर लिहितात. मी वाचले होते!

"हे बघ काय लिहिलंय," वन्सं वाचू लागल्या. "'तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येता आणि डब्यांच्या जागा बदलता.' मी बदलते जागा? सांग तूच!"

"छे! कधीच नाही," मी म्हणाले. (बोलता बोलता त्यांनी माझा हळदीचा डबा उचलून चहाच्या डब्याशेजारी ठेवला.)

"'आमटी चाखून वर छताकडे बघता.' मी बघते?"

"मुळीच नाही!"

"'प्रत्येक गोष्टीत आमच्याकडे असं नसतं, असं म्हणता.' काय गं बाई खोटं हे! आमच्याकडे असं कुणी बोलतच नाही!"

"खोटारडी मेली," मी म्हणाले. स्वतःला!

असं करत पान दोन, पान तीन. बावीस वर्षांचा एकेक सल त्या वाचत होत्या आणि प्रत्येकावर मी शपथेवर सांगत होते की तसं काही नाही. चौथ्या पानावर मात्र त्यांचा आवाज बसला. "'एकदा तरी छान झालंय म्हटलं असतंत, तर मी आणखी दहा वर्षं आनंदानं राबले असते.'" वाचून त्या स्टुलावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"मी त्या पोरीवर लेकीसारखी माया केली गं. आता एका घरात नको. अजयला फोन केलाय, संध्याकाळी पुण्याहून येतोय तो. त्याच्यासमोर हे पत्र ठेवणार आणि सांगणार, बायकोला घेऊन वेगळा हो."

"आणि अश्विनी काय म्हणते?"

"तिला कुठे विचारलंय? पोळ्या करतेय ती. मला म्हणाली, आई, लवकर या, तुमच्यासाठी थालीपीठ लावते."

माझ्या डोळ्यांपुढे ती पोर आली. संध्याकाळी तिच्यासमोर नवरा ही चार पानं धरणार आणि ती म्हणणार, हे माझं नाही. कोण विश्वास ठेवणार तिच्यावर? गॅसवर चहा उतू गेला. बाहेरून हे ओरडले, "ताई, वडे झाले का गं?"

मी गॅस बंद केला. देवाला एकदा मनातल्या मनात नमस्कार केला, यांनाही केला (शेवटचाच समजून!) आणि डोळे मिटून म्हणाले, "वन्सं, ते अश्विनीनं नाही लिहिलं. मी लिहिलंय. तुमच्यावर."

स्वयंपाकघरात इतकी शांतता पसरली की शिबिरातही तशी कधी पसरली नव्हती.

"तू?"

"मी. शिबिरात सांगितलं होतं. ओटीच्या पिसातून चुकून गेलं. चूक माझी आहे. वाटेल ते बोला मला, पण या घरात यायचं थांबू नका. हे फार खचतील."

"म्हणजे अश्विनीनं नाही लिहिलं?"

"नाही."

"एक अक्षरही नाही?"

"नाही हो!"

वन्संनी छातीवर हात ठेवला, लांब श्वास सोडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हात्तिच्या! तू होय? अगं मग आधी नाही का सांगायचंस! जीव गेला ना माझा!" त्यांनी लगेच फोन लावला. "अजय, काही नाही रे, येऊ नकोस, नीट जेव." मग दुसरा. "अश्विनी, थालीपिठावर लोणी घाल हं स्वतःच्याही. मी येतेच."

मी शिक्षेची वाट बघत उभीच.

"वन्सं, तुम्ही रागावला नाहीत?"

"तुझ्यावर? तुझं काय गं मनावर घ्यायचं!" त्यांनी पत्राच्या चार घड्या केल्या, गरम चहाच्या भांड्याखाली ठेवल्या आणि चहाचा घोट घेतला. जिभेवर घोळवला. छताकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि यांना बजावलं, "हिला जप रे. भारीच भाबडी आहे." हे आनंदानं मान डोलावत होते.

त्या दुखावतील या भीतीनं मी त्या दिवशी अर्धी झाले होते. त्या जराही दुखावल्या नाहीत, आणि त्याचाच राग मला आजतागायत आहे!