आम्ही तिघं आणि परदेशातलं एक कॉलेज

नवीन जालन्यात कुणी चहाला भेटलं आणि "काय रे, तुमचं ते फॉरेनचं काय झालं?" असं विचारलं, की आमचे किस्से सुरू होतात. ज्याचं काम झालं तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो. आमच्यासारख्याकडं मात्र सांगायला लय असतं!

आम्ही तिघं एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला. मी केदारखेड्याचा, अकाउंट्समध्ये. मनीष मार्केटिंगमध्ये, घरची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातच राहिलेले मारवाडी. वैशाली घनसावंगीची, कापसाच्या सीड प्लॉटवर देखरेख करायची. परदेशातल्या एका नावाजलेल्या बिजनेस स्कूलात एमबीए करायचं खूळ आधी मनीषच्या डोक्यात शिरलं, मंग आमच्या. तिघांनी त्याच एका कॉलेजला अर्ज केला.

* * *

मनीषनं घरी सांगितलं तेव्हा त्याचे बाबूजी दुकानात गादीवर बसलेले.

"कोर्स कशाचा?"

"बिजनेसचा."

बाबूजींनी चष्मा काढला. "तो शिकवणारा प्रोफेसर, त्याची स्वतःची दुकानं किती?"

"एक पण नसंल."

"मंग फी त्यानं तुला द्यायला पाहिजे!"

* * *

अर्जासोबत साहेबांची शिफारस लागत होती. फॉर्ममध्ये एक प्रश्न असा, की अर्जदाराची एक उणीव सांगा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे काय विचारून राह्यले?"

"सर, काहीतरी लिहावंच लागतं."

"येडा का रे तू? आपल्या पोराची खोड परमुलखात सांगत असतात का? उद्या तुझं लग्न जमायचंय!"

आणि तिघांच्याही फॉर्मात साहेबांनी एकच ओळ लिहिली, 'कोणतीही उणीव आढळून आली नाही.' पोलीस व्हेरिफिकेशनसारखी!

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तिकडं असल्या शिफारशीला किंमत नसते, हे नंतर कळलं. साहेबांना ते आम्ही अजून सांगितलं न्हाई. आजही ते पाहुण्यांना सांगतात, "माझ्या पोरांसाठी मी लय चांगलं लिहून दिल्तं."

* * *

निबंध लिहायचा होता लीडरशिपवर. वैशालीकडं तर सोन्यासारखा प्रसंग होता. ऐन हंगामात प्लॉटवरच्या बायकांनी काम बंद केल्तं, प्यायला पाणी जवळ न्हाई म्हणून. वैशालीनं मालकाला गाठलं, टँकर आणवला, दुपारपर्यंत काम सुरू झालं.

तिनं लिहिलं, "आम्ही मालकाशी बोललो, आम्ही टँकर मागवला."

अर्ज कसा लिहायचा ते ऑनलाइन शिकवणारे सर म्हणाले, "'आम्ही' काढा, 'मी' लिहा. लीडर कोण होतं?"

"सर, बोलल्या तर प्लॉटवरच्या सुमनबाई. मी बाजूला उभी होते."

"मग बाजूला उभं राहिलेलं लिहूच नका!"

तिनं 'मी' लिहिलं. पाठवायच्या आधी परत 'आम्ही' केलं. मनीष भडकला, "अगं, सीट एका माणसाला देतात, सगळ्या प्लॉटला न्हाई!"

ते 'मी' राहू दिलं असतं तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघं अजून भांडतो. वैशाली उठून जाते.

* * *

अर्ज गेल्यावर संभाजीनगरला परदेशी शिक्षणाचा एक सेमिनार झाला, तिथं तिघं गेल्तो. स्टेजवरच्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "भारतातून अर्ज फार येतात. तुमची स्पर्धा साऱ्या जगाशी नसते, तुमच्यासारख्याच लोकांशी असते."

गाडीनं वापस निघालो. बदनापूर आलं तेव्हा वैशाली म्हणाली, "म्हणजे आपण तिघं येकमेकांच्याच आड आलोत का रे?"

मनीष म्हणाला, "चहा घेऊ."

गाडी थांबवली. उतरलं कुणीच न्हाई.

* * *

मला तर मुलाखतीलाही बोलावलं न्हाई. ईमेल आला, पण इतका गोड, की सगळा वाचून झाल्यावर मी वैशालीला विचारलं, "मला घेतलं का?"

मनीषला बोलावलं. व्हिडिओवर गोऱ्या साहेबानं विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

मनीषच्या अंगात मोंढा जागा झाला. "घ्या, न घ्या, तुमची मर्जी. माल समोर आहे!" हे सगळं इंग्रजीत!

बाहेर येऊन आम्हाला म्हणाला, "गरज दाखवली की भाव पडतो."

भाव काही पडला न्हाई. सौदाच फिस्कटला! आता तो बाबूजींच्या शेजारी गादीवर बसतो, धंदा बराबर चाललाय. पण त्या साहेबाला काय बोलायला पाहिजे होतं, ते अजून मला फोन करून सांगत असतो.

* * *

वैशालीची मुलाखत मस्त झाली. उत्तर आलं, वेटिंग लिस्ट.

आता हे तिच्या आबांना कसं समजावायचं, हा आम्हाला प्रश्न. आबा घनसावंगीला शेती करतात, परदेशी कॉलेजातलं त्यांना काय कळणार? पण 'वेटिंग' म्हणताच आबा खूश!

"वेटिंग ना? मंग होतंय की कन्फर्म! तिरुपतीला गेल्तो तव्हा रेल्वेत आपलं वेटिंगच होतं. नंबर कितवा?"

"नंबर सांगत न्हाईत, आबा."

"आसलं कसलं वेटिंग!"

तरी त्यांनी चाकाची मोठी बॅग आणून ठेवली. जालन्याला बाजाराला आले की ऑफिसात डोकवायचे आणि दारातूनच विचारायचे, "सरकलं का?"

तिकडं कॉलेज सुरू झालं. वैशालीनं घरी काही सांगितलं न्हाई. मनीषनं तेव्हा अजून नोकरी सोडली नव्हती. तिघं ऑफिसातच होतो, आणि एका दुपारी आबा आले. या वेळी आत आले. तिच्या टेबलापाशी उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"बाई, चार्ट लागला का?"

वैशालीनं कॉम्प्युटरवरची नजर काढली न्हाई. "लागला, आबा."

आबा उभेच. आम्ही खाली माना घालून बसलेले. मंग आबांनी मनीषकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज बारीक करून म्हणाले,

"टीशीला भेटून पाहू का?"