पाहुणा कोठे बसेल?

धरणगावच्या आमच्या ओट्यापुढे जीप उभी होती, आणि माझी थोरली बहीण, अक्का, सगळ्यांदेखत म्हणाली, "आपन जलमभर उंदीर हाकलात, आनी तू त्यासनी चाकरी कराले चालनी!" सगळे हसले. धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता चाळिशीला टेकलेली मी, उंदरांवरचे संशोधन शिकायला जर्मनीला निघाले होते. वडील, नाना, एवढेच म्हणाले, "तठे काय गवसनं, ते माले बी सांगजो."

शिष्यवृत्ती एका वर्षाची. ती वाढायची तर माझा स्वतःचा एक प्रश्न हवा होता, आणि मला केवळ उत्तरे पाठ होती. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते. त्या इशाऱ्यावर शेजारच्या पेशी विषाणूला अडवणारी प्रथिने घडवतात. त्यांतले एक मला विलक्षण वाटे. उंदरात ते पेशीच्या केंद्रकात राहते, माणसात त्याचा भाऊबंद केंद्रकाबाहेर. तरी फ्लूला दोघेही अडवतात. याविषयी प्रयोगशाळेच्या बैठकीत तोंड उघडण्याचे धैर्य मात्र मला होत नसे.

एका रविवारी धरणगावात शेजारच्या दुकानातल्या फोनवर घरचे आले, तेव्हा हेच मी नानांना सांगितले. अक्काने रिसीव्हर ओढून घेतला. "मंग मानूसनं उंदीरमा टाकं, ते पाव्हना कोठे बसी? ओटावर, का सिदा चुल्हापान?"

मी हसले, आणि हसता हसता थांबले. केंद्रकाबाहेर, की थेट केंद्रकात, मला ठाऊक नव्हते.

पुढच्या बैठकीत मी तेच विचारले. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "मग पाहा ना." प्रयोगशाळेतल्या ज्या उंदरांत ते प्रथिन मुळात नव्हते, त्यांच्या पेशींत माणसाचे जनुक घालण्यात कित्येक महिने गेले. अखेर सूक्ष्मदर्शकाखाली दिसले: केंद्रक काळे, भोवती त्या प्रथिनाची हिरवी चकाकी. पाहुणा ओट्यावरच बसला होता, आणि तेथूनच त्याने फ्लूला अडवले. इतरत्रही लोक हेच पाहत होते, असे मागाहून कळले. तरी शिष्यवृत्ती वाढली, आणि मी येथलीच झाले.

नानांना कळवले. ते म्हणाले, "आनी उंदीरनं मानूसमा टाकं ते?"

येथे माझे शेजारी माझ्या कामाविषयी आदराने ऐकतात आणि काही न विचारता कॉफी पुढे करतात. तरीही घर कोणते, असे कोणी विचारले तर मी धरणगावच सांगते. तेथे माझ्या उत्तराने अजून कोणाचे समाधान होत नाही.