बिनपासवर्डची किल्ली

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरगावजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. रोज संध्याकाळी मुलांचे मार्क आमच्याकडून विद्यापीठाच्या पुण्यातल्या मशीनवर जायचे. त्यासाठी मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. स्क्रिप्टला पासवर्ड टाइप करता येत नाही, म्हणून तिच्यापुरती एसएसएचची, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या सोयीची, बिनपासवर्डची किल्ली बनवली. किल्ली म्हणजे एक छोटी फाइल. ज्याच्या हाती पडेल त्याला दार उघडं. म्हणून ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचताच येणार नाही अशी ठेवली. शिवाय या किल्लीनं फक्त मार्क आत टाकता येतील, बाकी काही नाही, अशी सोय पुण्याच्या मशीनवर केली.

विभागप्रमुखांना ते खुपलं.

"मॅडम, कॉलेजची किल्ली एकट्या तुमच्याकडे कशी?"

"माझ्याकडे नाही सर, स्क्रिप्टकडे आहे."

"आमच्यात तिजोरीची किल्लीसुद्धा..." ते थांबले, हसले. "जाऊ द्या. फ्लॉपीवर कॉपी द्या. आणि ती बंधनं काढा."

आम्ही पुणतांब्याचे, बौद्ध. तसलं हसणं मला लहानपणापासून कळायचं. मी प्राचार्यांकडे गेले. "सर सांगतात तसं करा," एवढंच ते म्हणाले. केलं.

फ्लॉपी विभागप्रमुखांच्या भाच्याकडे गेली. तो लॅब बघायचा. येता-जाता सोपं पडावं म्हणून त्यानं किल्ली लॅबच्या सगळ्या मशीनवर टाकली. परीक्षेनंतर पुण्याहून फोन आला, आमच्याच किल्लीनं कुणीतरी आत शिरून मार्क पुसले होते. मी आधी ती किल्ली रद्द करवली, बॅकअपच्या टेपवरून मार्क परत आणले, नवी किल्ली बनवली. मग मीटिंग झाली.

"जुनी किल्ली कुणी बनवली होती?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी. पण फ्लॉपी..."

"बनवली तुम्हीच ना?"

भाचा खिडकीबाहेर बघत होता. नवी किल्ली त्याच्या ताब्यात गेली आणि मला लायब्ररीत बसवलं.

घरी वडिलांना सांगितलं. जन्मभर शुगर फॅक्टरीत राबलेला माणूस. "गप ऱ्हा पोरी," ते म्हणाले. "मी गप ऱ्हायलो, म्हनून तुला शिकवता आलं."

त्यांचा राग आला नाही, म्हणून जास्त रडू आलं. महिनाअखेर राजीनामा दिला.

पुण्यात नोकरी मिळाली. तिथं जात कुणी विचारली नाही. आडनाव ऐकलं, की लोक जरा थांबायचे, इतकंच.