थप्पीखालचा जोडीदार

माझी कंबर गेलीय हे अख्ख्या गोडाऊनला ठाऊक होतं, फक्त कंपनीच्या डॉक्टरला नव्हतं.

रोह्याच्या एका कंपनीत मी ठेकेदाराकडं पोत्यांच्या थप्प्या लावायला होतो. पन्नास किलोचं पोतं. एकानं खालनं उचलून द्यायचं, दुसऱ्यानं वर ओढून बसवायचं. खालच्याच्या कंबरेचा भुगा होतो, म्हणून आमचा रिवाजच होता, एक थप्पी झाली की जागा बदलायची. माझ्या कंबरेत सणक भरली तेव्हा नागोठण्याचा माझा जोडीदार म्हणाला, "तू ऱ्हा वरच. कायम करायचं चाललंय, उगा बोभाटा नको." दीड महिना मी वरच राहिलो. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग कायम करण्याआधीची तपासणी लागली. बायको रोज सकाळी माझ्या कंबरेला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायची. त्या दिवशी म्हणाली, "अवो, सांगून टाका ना डॉक्टरला." मी खेकसलो, "गप गो! सांगितलं की नाव कटलं." पट्टी काढून ठेवली, दुखण्याच्या दोन गोळ्या गिळल्या आणि वरसे गावातनं कंपनीकडं सायकल हाणली.

"गुडघे न वाकवता जमिनीला हात लावा," डॉक्टर म्हणाला. लावला. डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"दुखतं?"

"नाय साहेब."

त्यानं मणक्यावर अंगठा दाबला. बोंबललोच असतो, ओठ चावला.

"इथं?"

"नाय."

सुटलो एकदाचा! पुढचा नंबर जोडीदाराचा, म्हणून मी दारातच थांबलो. तो वाकला, हात गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथंच अडकला. वाक रे मेल्या, अजून थोडा वाक! मी मनात ओरडत होतो. शेवटी डॉक्टरनंच त्याला धरून सरळ केलं आणि कागदावर काहीतरी खरडलं.

तो बाहेर आला तसं माझं टाळकं सरकलं. "गाढवा, गोळी घ्यायला काय झालं होतं?"

"घेतल्या की. चार."

"मग?"

"दीड महिना खालीच हाय ना मी," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याला दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं बोलावलं नाही. मला कायम केलं. तपासणीच्या त्या दुपारी सगळ्यांचं उरकल्यावरही डॉक्टर तासभर तिथंच बसला होता, दार उघडं होतं. मी आत गेलो नाही.